रजेचा अर्ज

मा. वाहतूक अधीक्षक साहेब,
विषय: पंधरा दिवस रजा मिळणेबाबत.

महोदय,
मी शालन बाजीराव पोवार, वाहक,
बिल्ला क्रमांक चारशे बारा,
उजव्या डोळ्यासाठी रजा मागते.
डाव्याची काही तक्रार नाही.

सातव्या वर्षी मिरजेला नेलं होतं.
तेव्हा हा डोळा नाकाकडं वळलेला,
जसं काही नाक पळून जाईल
आणि त्यालाच राखणीला बसवलंय.
गल्लीतली पोरं म्हणायची,
चकणे, एक कोल्हापुरात, एक जयसिंगपुरात.
बाबांनी गूळ बाजारात दोन महिने
दुप्पट रवे उचलले.
पट्टी सुटली तेव्हा आईनं चमचा धरला समोर,
डावीकडं, उजवीकडं, परत मधे,
आणि तो चमचा हातात तसाच घेऊन रडली.
डोळा लाल होता, पण सरळ.

लग्नाच्या फोटोत बघा, सरळ आहे.
भरतीच्या फोटोतही. सेवापुस्तकात चिकटवलाय.
गेटवरचा नवा रखवालदार
तो फोटो आणि मी, दोघींना आळीपाळीनं बघतो.

कधी निघाला, सांगता येत नाही.
प्राची झाल्यावर असेल, रात्रीच्या जागरणात.
दमलं की सुटायचा,
पापणी मिटून उघडली की परत जागेवर.
मग एक दिवस आलाच नाही.
या खेपेला नाकाकडं नाही, बाहेर, कानाकडं.
शेजारीण म्हणाली, अगं, ऑपरेशन झालेलं ना तुझं?
जसं काही खिळा होता,
एकदा ठोकला की झालं.

गंगावेशीत गाडी भरते.
मी म्हणते, तिकीट,
दोघं एकदम हात पुढं करतात
आणि ज्याला म्हटलं तो खिडकीबाहेर बघत बसतो.
घरी चहा कपाशेजारी ओतते.
उतरताना पायरी असते
त्याच्या चार बोटं अलीकडंच पाय टाकते.
हिशोबात मात्र आजवर रुपया कमी नाही,
तपासून घ्यावा.

एक गंमत सांगते.
मागच्या सीटवर कॉलेजचा एक पोरगा, रोज फुकट.
परवा मी एका आजींची कोथिंबिरीची पाटी
उतरवून देत होते,
तर तो उठून आला, कान लालबुंद,
म्हणाला, एक शाहूपुरी द्या,
मघापासून बघताय, कळलं मला.
मी त्याला बघितलंच नव्हतं.
दहा रुपये. तिकीट दिलं.
या डोळ्याची एवढीच कमाई,
पण नोंद असावी.

राजारामपुरीच्या डॉक्टरबाई विचारतात,
तेव्हा कुठला स्नायू सरकवला,
किती मिलिमीटर, कागद आहे?
कागद पत्र्याच्या पेटीत होता.
पेटी महापुरात गेली.
आई असती तरी तिला चमचाच आठवला असता.
बाई म्हणाल्या, उघडल्यावर कळेल.
मी म्हटलं, आणि परत निघाला तर?
त्यांनी पेनाला टोपण लावलं,
काढलं,
लावलं.
निघूही शकतो, म्हणाल्या.
तेवढ्यावर मी तारीख घेतली.

प्राचीनं शाळेत चित्र काढलंय, माझी आई.
खाकी ड्रेस, गळ्यात पैशाची पिशवी,
एक डोळा समोर,
एक पार कोपऱ्यात गेलेला.
मी विचारलं, हा असा का गं?
कागदाच्या कडेवर बोट ठेवून म्हणाली,
मी इथं बसलेय ना.
तिथं काहीच काढलेलं नव्हतं.

साहेब, हे सगळं लिहून झालं
आणि मग छापील फॉर्म हातात आला.
कारणाच्या रकान्यात दीड ओळ जागा.
हा कागद घडी करून पिशवीत ठेवला,
सुट्ट्या पैशांच्या खाली.

कारण: घरगुती.
सही ओळीच्या बाहेर गेली आहे,
चालवून घ्यावी.